बाटलीवरची चिठ्ठी आणि मूत्रपिंडाचा हिशेब

माल पाहिल्यावाचून सौदा करणारा व्यापारी आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात शोधूनही सापडावयाचा नाही. कापसाच्या गाडीतून मूठभर कापूस उपसून, त्याचा तंतू बोटांनी ओढून पाहिल्याशिवाय भाव बोलला जात नाही. संत्र्याचा बगीचा उक्ता घेणारा मनुष्य झाडाझाडाखाली उभा राहून आंबिया बहाराची फळे नजरेने मोजतो, गळ किती होईल याचा अंदाज मनाशी बांधतो, आणि मगच बयाण्याचे पैसे काढतो. मालधन्याने कितीही शपथा घेतल्या तरी या चालीत फरक पडत नाही. असा हा सावध मनुष्य औषधाच्या दुकानाची पायरी चढला म्हणजे मात्र त्याला काय होते कोण जाणे! तेथे तो बाटलीवरची चिठ्ठी वाचतो, चिठ्ठीवरचे चित्र पाहतो आणि निमूटपणे पैसे मोजतो.

माझे थोरले बंधू निवर्तल्यावर पेढीवरील त्यांच्या गादीशेजारचा लाकडी खण आवरण्याचे काम माझ्याकडे आले. पावत्यांच्या गठ्ठ्यांमागे तेरा रिकाम्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. रिकामी बाटली फेकू नये हा आमच्या मातोश्रींचा दंडक दादांनी अखेरपर्यंत पाळला होता. प्रत्येक बाटलीवर 'अँटीऑक्सिडंट' हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला होता. काहींवर कापलेल्या संत्र्याचे चित्र होते, काहींवर हिरव्या पानाचे, आणि एकीवर मूत्रपिंडांची जोडी तेजोवलयात दाखविली होती. दादांना मधुमेह सतरा वर्षे होता. त्यांनी पथ्यात कसूर केली असे कोणी म्हणू शकणार नाही. मिठाई सोडली, चहातील साखर सोडली, उपाशीपोटीची रक्तशर्करा ते दर महिन्याला तपासून रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवीत. त्या आकड्यांची ओळ आजही माझ्यापाशी आहे. मात्र त्या ओळीत लघवीतील अल्ब्युमिनचा आकडा एकदाही आलेला नाही, कारण ती तपासणी सतरा वर्षांत त्यांनी कधी केलीच नाही आणि त्यांना ती कोणी सांगितलीही नाही.

पायांवर सूज दिसू लागली तेव्हा आम्ही त्यांना नागपूरला नेले. मूत्रपिंडांचे काम त्या वेळी आठव्या हिश्शाइतके उरले होते. पुढे अडीच वर्षे आठवड्यातून दोनदा पहाटेची गाडी, नरखेड-काटोल मागे टाकून नागपूर, चार तास डायलिसिसच्या यंत्राशेजारी पडून राहणे आणि रात्री परत पांढुर्णा, असा क्रम चालला. वहिनींनी त्यातील एकही फेरी चुकविली नाही.

त्या बाटल्यांनी दादांची मूत्रपिंडे बिघडविली असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा मजजवळ नाही आणि पुराव्यावाचून आरोप करणे आपल्या धंद्याच्या रीतीलाही शोभणारे नव्हे. बाटल्यांनी त्यांचे समाधान मात्र केले. मूत्रपिंडांसाठी आपण काहीतरी करीत आहोत असे त्यांना वाटत राहिले, आणि त्या समाधानात जी वर्षे गेली त्याच वर्षांत खरा उपाय करण्यासारखा होता. यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे मंडळाच्या चिटणिसांनी सुचविले तेव्हा मी याच विषयावर लिहावयाचे ठरविले. मी वैद्य नव्हे. परंतु गेल्या दीड वर्षात या विषयावर जे वाचले आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले ते हिशेबाला बसणारे आहे, एवढे निश्चयाने सांगतो.

प्रथम या 'अँटीऑक्सिडंट'च्या पाठीमागची विचारसरणी न्यायबुद्धीने मांडली पाहिजे, कारण ती मुळात खोटी नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. केशवाहिन्यांचे झुबके असलेल्या या गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील बहुतेक सर्व शरीर परत ओढून घेते; उरलेले दीड-दोन लिटर म्हणजे आपली लघवी. रक्तात साखर वर्षानुवर्षे चढलेली राहिली म्हणजे या गाळण्यांच्या भिंती जाड आणि तरीही गळक्या होतात, आणि शरीराने राखावयाची प्रथिने लघवीवाटे झिरपू लागतात. हे का होते? मायकेल ब्राउनली या अमेरिकन संशोधकाने २००४ सालच्या आपल्या बँटिंग व्याख्यानात याचे एक सुसंगत उत्तर मांडले. पेशीत साखरेचा पूर आला म्हणजे ऊर्जा निर्माण करणाऱ्या तिच्या सूक्ष्म भट्ट्यांतून प्राणवायूचे अतितापट कण प्रमाणाबाहेर निघू लागतात, आणि तेथून नुकसानीच्या निरनिराळ्या वाटा उघडतात, असा त्याचा आशय. डोळ्यांचा पडदा, मज्जातंतू आणि मूत्रपिंडे या तिन्ही ठिकाणच्या मधुमेही विकारांना त्याने असे एका सूत्रात गुंफले.

यावरून कोणाही विचारी माणसाला सुचेल तेच वैद्यकालाही सुचले. हे तापट कण शांत करणारे द्रव्य पोटात दिले तर मूत्रपिंडे वाचतील! ई जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व, हळदीतील कुर्क्युमिन, लायपोइक आम्ल, अशी कितीतरी द्रव्ये परीक्षानळीत हे काम करून दाखवितात. मधुमेही केलेल्या उंदरांत त्यांपैकी काहींनी लघवीतील प्रथिनही कमी केले. औषधाचे प्रतिनिधी आणि दुकानदार हाच भाग गंजाच्या दृष्टांताने सांगतात: लोखंडाला हवेने गंज चढतो तसा शरीरालाही चढतो, आमची गोळी म्हणजे गंजरोधक रंग. दृष्टांत इतका मनोरम आहे की ऐकणारा पुढे प्रश्नच विचारीत नाही. शरीर हे गेटाचे गज नव्हे. याच तापट कणांचा उपयोग शरीर जंतू मारण्यासाठी आणि पेशीपेशींतील निरोपांसाठीही करते, आणि तोंडावाटे गिळलेली गोळी नेमक्या त्या भट्टीपर्यंत पोहोचते की नाही, हेही चिठ्ठीवरून कळत नाही.

तेव्हा विचारसरणी बाजूस ठेवून माल काट्यावर घातला पाहिजे, आणि तो घातला गेलेला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडातील संशोधकांच्या पुढाकाराने १९ देशांत 'होप' नावाचा एक मोठा प्रयोग झाला. त्याची रचना आपल्या वाचकांना सहज उमगेल, कारण तीत एकाच काट्यावर दोन माल तोलले होते. हृदयविकाराचा धोका असलेले नऊ हजारांहून अधिक लोक घेतले. त्यांत साडेतीन हजारांहून अधिक मधुमेही होते. काहींना रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले, काहींना दिसायला तशीच पण पोकळ गोळी. त्याच लोकांना पुन्हा विभागून काहींना रक्तदाबावरील रॅमिप्रिल हे औषध दिले आणि काहींना त्याचीही पोकळ गोळी. कोणाला काय मिळते आहे हे रोगी जाणत नव्हता आणि डॉक्टरही जाणत नव्हता. सुमारे साडेचार वर्षांनी वही उघडली. रॅमिप्रिल घेणाऱ्या मधुमेह्यांत मूत्रपिंडाचा उघड विकार होण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटले होते. ई जीवनसत्त्वाच्या खात्यावर शून्य होते. हृदयालाही लाभ नाही, मूत्रपिंडालाही नाही. पुढे त्याच लोकांचा मागोवा आणखी काही वर्षे घेतला असता २००५ साली असे प्रसिद्ध झाले की, ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदय दुर्बल होण्याचे प्रमाण किंचित वाढलेलेच आढळले.

मी हा वृत्तांत प्रथम वाचला तेव्हा बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो. दादांच्या तेरा बाटल्यांपैकी नऊ ई जीवनसत्त्वाच्या मिश्रणाच्या होत्या. त्यांतील पहिल्या बाटलीच्या खरेदीची तारीख पाहिली, तर होपचा निकाल तेव्हा जगापुढे येऊन दहा वर्षे उलटली होती.

यावर कोणी म्हणेल की, एक जीवनसत्त्व निरुपयोगी ठरले म्हणून सारा वर्ग का टाकावा? प्रश्न रास्त आहे. आणखी दोन प्रयोग सांगतो. २०१० साली कॅनडातूनच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या २३८ रोग्यांपैकी निम्म्यांना ब वर्गातील जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत दिली होती. ही काही अँटीऑक्सिडंट म्हणून दिलेली नव्हती. पण 'जीवनसत्त्वाने काय बिघडते' या समजुतीची परीक्षा तीत आपोआप झाली. जीवनसत्त्वे घेणाऱ्यांची मूत्रपिंडे पोकळ गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने खालावली. दुसरा प्रयोग बार्डोक्सोलोन नावाच्या औषधाचा. हे द्रव्य शरीराची स्वतःची गंजरोधक यंत्रणाच जागी करते, म्हणून त्यावर फार मोठ्या आशा होत्या. २,१८५ मधुमेही मूत्रपिंडरोग्यांवर त्याचा प्रयोग सुरू झाला आणि २०१२ च्या ऑक्टोबरात तो अर्ध्यातच थांबवावा लागला. कारण औषध घेणाऱ्यांत ९६ जणांना हृदयदौर्बल्याने रुग्णालयात जावे लागले किंवा मृत्यू आला, तर पोकळ गोळीवाल्यांत ५५ जणांना. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता असा आहे.

आपल्या मराठी मुलुखातही या विषयावर चांगले काम झाले आहे आणि ते सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण प्रामाणिक मालाची पारख कशी करावी याचा तो नमुना आहे. पुण्यातील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या डॉ. सरोज घासकडबी आणि आयसर संस्थेचे डॉ. प्रणय गोयल यांच्या गटाने ग्लुटाथायोन या द्रव्याचा अभ्यास केला. हे द्रव्य आपले शरीर स्वतःच बनविते आणि मधुमेहात ते कमी पडते. सुमारे २५० मधुमेह्यांपैकी काहींना नेहमीच्या औषधांबरोबर रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन सहा महिने देण्यात आले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रक्तातील ग्लुटाथायोन वाढलेले आणि गुणसूत्रांतील द्रव्याची ऑक्सिडीकरणाने होणारी नासाडी घटलेली दिसली. पंचावन्न वर्षांवरील रोग्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडाही सुधारला. ही आशेची गोष्ट आहे आणि पुणेकर संशोधकांचा अभिमान वाटावा अशीच आहे. परंतु हा सहा महिन्यांचा, रक्तातील खुणांचा अभ्यास होता. मूत्रपिंड निकामी होणे टळते की नाही हे त्यात पाहिलेलेच नव्हते. उद्या एखादी कंपनी याच अभ्यासाचा हवाला देऊन बाटलीवर मूत्रपिंडांचे चित्र छापील, तर तो अपराध संशोधकांचा नव्हे. लहानसहान प्रयोगांची बेरीज करणारे आढावेही अधूनमधून अनुकूल कल दाखवितात. संशोधन चालावे, जरूर चालावे. मात्र चालू असलेल्या संशोधनाचा खर्च ग्राहकाच्या खिशातून, तोही त्याला न सांगता, वसूल होऊ नये.

आता आपल्या घरचा प्रश्न. संत्र्याच्या मुलखात राहून संत्र्याविषयी बोलावयाचे नाही हे शक्य नाही. कोणत्याही समारंभात वक्ता उठून सांगतो की, आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्यात क जीवनसत्त्व आहे, म्हणून ते मधुमेह्याच्या मूत्रपिंडांचे रक्षण करते. शंभर ग्रॅम संत्र्यात क जीवनसत्त्व सुमारे ५० मिलिग्रॅम असते, हे खरे. त्याने मधुमेही मूत्रपिंडविकार टळतो, हे सिद्ध झालेले नाही. मूत्रपिंडे धड आहेत अशा मधुमेह्याने डॉक्टरांनी आखून दिलेल्या आहारात एखादे संत्रे, रस न काढता, फोडी करून खावे. त्याला कोणी हरकत घेत नाही. परंतु मूत्रपिंडे पुष्कळ खालावलेल्या रोग्याला संत्र्यातील पोटॅशियमची भीती असते. ते रक्तात साचले म्हणजे हृदयाची लय बिघडते. दादांना नागपूरच्या डॉक्टरांनी संत्रे वर्ज्य सांगितले, त्या दिवशी आमच्या अंगणात मृग बहाराची पेटी येऊन पडलेली होती. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या तर अशा रोग्याने स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नयेत. त्यांचे शरीरात ऑक्झलेट बनते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडातच साचल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. आपला माल आपल्या गुणांवर विकला जातो. त्याला औषधाचे सोंग देण्याची गरज आहे असे संत्र्याचा व्यापारी म्हणून मला तरी कधी वाटले नाही.

काट्यावर उतरलेला माल कोणता, तेही सांगितले पाहिजे. नाहीतर हा लेख नुसत्या नकारांचा होईल. साखर आणि रक्तदाब यांचा ताबा हा पाया. त्याविषयी सर्व जाणतात, म्हणून लांबण लावीत नाही. रॅमिप्रिलच्या वर्गातील आणि लोसार्टनच्या वर्गातील औषधे ही दुसरी पायरी. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या १,५१३ मधुमेही मूत्रपिंडरोग्यांच्या प्रयोगात लोसार्टनने मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी केला. ही औषधे जुनी आहेत, स्वस्त आहेत आणि त्यांच्या चिठ्ठीवर कसलेही चित्र नसते. ती सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहावे लागते आणि गर्भवतीने ती घ्यावयाची नसतात. म्हणून डॉक्टरांवाचून नव्हे.

तिसरी पायरी नवी आहे. १८३५ साली फ्रेंच रसायनज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे एक कडू द्रव्य वेगळे काढले. ते दिले असता लघवीतून साखर बाहेर पडते, हे पुढे दिसून आले. त्या द्रव्याच्या घडणीवरून रचलेली कॅनाग्लिफ्लोझिन, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे आज मूत्रपिंडे वाचविण्याच्या कामी फार उपयोगी ठरली आहेत. २०१९ साली कॅनाग्लिफ्लोझिनचा निकाल आला. ४,४०१ मधुमेही, सर्व आधीपासून दुसऱ्या पायरीवरील औषधे घेणारे. तरीही मूत्रपिंडे निकामी होणे, क्रिएटिनिन दुप्पट होणे वा त्यांमुळे किंवा हृदयविकाराने मृत्यू येणे, या सर्वांचा एकत्रित धोका ३० टक्क्यांनी घटला. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचे मुख्य पेटंट २०२० साली संपले आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ साली. त्यानंतर देशी कंपन्यांच्या गोळ्या येऊन भाव पुष्कळ उतरले. दादांच्या एका बाटलीच्या किमतीत आज यांतील एखादे औषध महिनाभर येऊ शकते.

या नव्या औषधांविषयी आपल्या समाजाला एक गोष्ट विशेषेकरून सांगावयाची आहे. आपल्याकडे चातुर्मासात, पर्युषणात आणि दशलक्षणात एकासन, उपवास, तेला, अठ्ठाई होतात. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारे पुष्कळ आहेत. या वर्गातील गोळी चालू असताना दीर्घ उपवास घडला, तर रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकते, आणि घातकी गोष्ट अशी की त्या वेळी साखरेचा आकडा फारसा चढलेला नसतो, म्हणून घरच्यांना संशयही येत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी ही गोळी किमान तीन दिवस आधी थांबवितात, त्याचे कारण हेच. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही जुन्या गोळ्या घेणाऱ्यांना उपवासात साखर एकाएकी घसरण्याची भीती आहे, ती वेगळीच. तेव्हा तपाचा संकल्प सोडण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून कोणती गोळी कधी थांबवावयाची हे विचारून घ्यावे. डॉक्टरांपासून उपवास लपविण्याची आपल्यात एक वाईट खोड आहे. ते रागावतील म्हणून आपण बोलत नाही, आणि न बोलल्याने ते गोळी बदलत नाहीत.

आता मुख्य मागणीकडे येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमारीत कोणाचे डोके फुटले तर ते सारा गाव पाहतो आणि चार माणसे त्याला उचलून नेतात. मूत्रपिंडाची इजा अशी दिसत नाही. वेदना नाही, सूज नाही. रक्तातील क्रिएटिनिनदेखील निम्मे काम गेल्यावाचून बहुधा वाढलेले दिसत नाही. दवाखान्यात लघवीत पट्टी बुडवून करतात ती नेहमीची तपासणीही अल्ब्युमिनचे बारीक झिरपणे पकडू शकत नाही. प्रमाण पुष्कळ वाढले म्हणजेच ती रंग बदलते. प्रारंभीचे झिरपणे ओळखावयाचे तर लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढावे लागते. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्ब्युमिन, आणि तेही तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा, असे आढळले की विकाराचा आरंभ समजावा. ताप, फार श्रम किंवा लघवीचा जंतुदोष यांनी आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून एका आकड्यावर घाबरू नये. प्रौढपणी मधुमेह झालेल्याने ही तपासणी निदानाच्या दिवशीच आणि पुढे दरवर्षी करावी. खर्च काही शे रुपयांचा, नमुना सकाळच्या लघवीचा, सुई टोचण्याचेही काम नाही.

भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेच्या २०२३ सालच्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत. आपल्या सभासद कुटुंबांत किती, हे कोणी मोजलेले नाही. पण बैठा धंदा, गादीवर दहा तास आणि लग्नसराईतील पंगती लक्षात घेता आपण सरासरीच्या मागे असू असे मला वाटत नाही. म्हणून मंडळाने दरवर्षी एक दिवस पांढुर्ण्यास आणि एक दिवस सौंसरास हीच एक तपासणी भरवावी. रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि लघवीतील हे गुणोत्तर, एवढ्या तीनच गोष्टी. २०२३ साली आपला स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात ही तपासणी नित्य व्हावी असा अर्जही मंडळाच्या सहीने जावा. शिबिरात घरच्या स्त्रियांना आधी बोलवावे. पुरुषाची साखर महिन्याला पाहिली जाते आणि त्याच घरातील सासूबाईंची तीन वर्षांत एकदाही नाही, असे मी माझ्याच आप्तांत पाहिले आहे.

मागील सभेत माझ्या या सूचनेवर एका ज्येष्ठ सभासदांनी असे सुचविले की, शिबिराऐवजी एका कंपनीकडून अँटीऑक्सिडंटच्या बाटल्या सवलतीत घेऊन प्रत्येक कुटुंबास वाटाव्यात. काहीतरी हाती पडल्यावाचून लोक येत नाहीत. त्यांचा हेतू निर्मळ होता आणि लोकस्वभावाचे त्यांचे ज्ञान माझ्याहून अधिक आहे. तरी माझा विरोध होता व आहे. अशा वस्तू आपल्या कायद्याने औषध म्हणून विकल्या जात नाहीत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा बाटलीवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे. दादांच्या खणातील शेवटच्या बाटलीवर ते इंग्रजीत छापलेले होते. अक्षर इतके बारीक की मला भिंग घ्यावे लागले. मंडळाच्या नावाने अशी बाटली घरात गेली, तर ती घेणारा तपासणीस येणार नाही; आपले काम झाले असे तो समजेल. आपल्या सभासदांपैकी जे औषधांचा व्यवसाय करतात त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, मधुमेही गिऱ्हाईक अशी बाटली मागावयास आले म्हणजे ती देण्यापूर्वी 'लघवीतील अल्ब्युमिन तपासले आहे काय?' एवढा एक प्रश्न त्याला विचारावा. बाटली विकली जाऊ नये असा माझा आग्रह नाही.

मलाही सहा वर्षांपासून मधुमेह आहे. दादांचा खण आवरल्यानंतरच्या कार्तिकात मी माझा पहिला नमुना दिला. आकडा ४६ आला. तीन महिन्यांनी ४१. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या आहेत, आणि पुढचा नमुना मी मंडळाने शिबिर भरविले तर तेथेच, रांगेत उभा राहून देणार आहे.